बंद पेटीतले भुंगेरे

१

व्हायोलिनच्या गजाला टक्कल पडलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

गज म्हणजे ती काठी हो, तारांवरून फिरवतात ती. तिला घोड्याच्या शेपटीचे केस ताणून बसवलेले असतात. मास्तरांच्या जेवणाच्या टेबलावर असे दोन गज पडले होते आणि दोन्हींचे केस तुटून लोंबत होते. चार-दोन तेवढे तग धरून होते, माझ्या डोक्यावरच्यासारखे.

मला बोलावलं होतं भलत्याच कामाला. माझा धंदा पेस्ट कंट्रोलचा. पाठीवर पंप, पँटच्या खिशात भिंग आणि शर्टाच्या खिशात एक रबरी झुरळ. ते झुरळ औषधापेक्षा कामाचं. गिऱ्हाइकाच्या कपाशेजारी हळूच ठेवायचं. जो किंचाळतो त्याच्या घरात खरी झुरळं नसतात. जो न बोलता चपलेकडे हात नेतो, त्याच्याकडे पंप पुन्हा भरून जायचं.

मास्तरांच्या सुनेने फोन केला होता. खिडकीत बारीक बारीक किडे मरून पडतायत म्हणाली. त्याआधीच्या आठवड्यात मी एकदा येऊन तांदळाचा डबा बघून गेलो होतो. त्यात सोंडे होते. लांब सोंडेचा किडा, तो कोणीही ओळखेल. पण खिडकीतले वेगळे म्हणून परत आलो, तर दार उघडलं सुनेनेच. डोळे सुजलेले. दाराशी भरलेली बॅग.

"या," ती म्हणाली. "पण फार शोधू नका. या घरात किडा एकच आहे, असं ठरलंय. मी."

आत तिचा नवरा उभा होता. हातात पुरावा असल्यासारखा टॉवेल.

"तुम्ही तुमचं काम करा हो," तो मला म्हणाला आणि लगेच मलाच न्यायाधीश करून टाकलं. "आता तुम्हीच सांगा. उद्या आईचा वाढदिवस. यंदा बाबांनी समोर बसून वाजवावं, ही तिची इच्छा. म्हणून आज सकाळी मी पुसायला पेटी उघडली, तर हे असं. काल दुपारी बाबांनी वाजवलं, सगळ्यांनी ऐकलं. संध्याकाळी हिचं बाबांशी वाजलं. 'हा आवाज थांबला नाही तर मी काहीतरी करून बसेन', हे हिचे शब्द! मग रात्रीत हे कोणी केलं? घोडा येऊन केस परत घेऊन गेला?"

"मी घरून काम करते," सून म्हणाली. "दिवसभर कानाला फोन, लोकांच्या शिव्या ऐकायच्या, आणि पाठीमागे व्हायोलिन. गिऱ्हाईक विचारतं, मॅडम, कोण गेलं का तुमच्याकडे? एक दिवस डोकं फिरलं, बोलले. पण कात्री लावायला मी काय माकड आहे?"

मग ती खिडकीकडे वळली. तिथे मास्तर उभे होते, पाठमोरे, दोन्ही हात खिशात.

"बाबा, तुम्ही सांगा. तुम्हाला वाटतं मी केलं?"

मास्तर म्हणजे देवमाणूस. आख्ख्या गल्लीतल्या पोरांना फुकट व्हायोलिन शिकवलेला माणूस. मला वाटलं आता वळतील, सुनेच्या डोक्यावर हात ठेवतील आणि मिटवतील.

मास्तर वळलेच नाहीत.

२

"खालच्याला विचारा," सून बॅगेची चेन ओढत म्हणाली. "त्याच्याकडे कात्र्याच कात्र्या. रोज दुपारी आमच्या वाजवण्यावर खालून छताला काठी ठोकतो. आणि आपली जादा चावी त्याच्याचकडे असते."

मला नसती उठाठेव करायची हौस. एक गज वर्तमानपत्रात गुंडाळला आणि खाली उतरलो.

खालच्या मजल्यावर सलून, मागच्या खोलीत सलूनवाल्याचं घर. दुपारी शटर अर्धं ओढून तो झोपतो. मी गज त्याच्यासमोर ठेवला आणि म्हटलं, "किती घेतलेत या कटिंगचे?"

त्याने उचलून बघितला. हसला नाही.

"हे बघा, मी केस कापतो कारण ते परत उगवतात. हे कुठे उगवणार? असलं पाप मी करत नाही." मग त्याने गज उजेडात धरला. "आणि हे कात्रीचं नाहीच. कात्री सरळ रेषेत जाते. हा केस इथे तुटलाय, तो तिथे, हा तर अर्धा कुरतडून सोडलाय. माझ्याकडे असं शिकाऊ पोराने केलं असतं तर त्याला मी हाकलला असता."

"मग छत का ठोकता रोज?"

तो ओशाळला. "व्हायोलिनबद्दल तक्रार नाही हो. उलट त्याच्यावरच माझा डोळा लागतो. पण छान लागलेला असतो आणि वर काहीतरी खण्णकन पडतं! उठूनच बसतो मी. एक दिवस नाही, दोन दिवस नाही, रोज! आता त्या घरात कोणाच्या हाताला एवढी भोकं आहेत, मला सांगा."

मला आठवलं. पहिल्यांदा आलो होतो तेव्हा मीही ऐकलं होतं. मी तांदळाच्या डब्यात डोकं घालून बसलो होतो, मास्तरांच्या खोलीचं दार बंद, आतून व्हायोलिन. आणि मधेच चमचा पडल्याचा आवाज. मी सवयीने वाकून टेबलाखाली बघितलं होतं. चमचा नव्हता. स्वयंपाकघरात माझ्याशिवाय माणूसही नव्हता.

जिना चढताना गज मी नाकाजवळ धरला. लाकडाचा वास आला. राळेचा आलाच नाही. वाजवणारे लोक त्या केसांना राळ घासतात, रोज घासतात. तिचा वास हाताला दोन-दोन दिवस राहतो.

आता मात्र मला ते किडे बघायची घाई झाली.

३

किडे होते काकूंच्या खोलीत. काकू म्हणजे मास्तरांची बायको. अर्धं अंग गेलेलं, नजरही गेल्यातच जमा, पलंग म्हणजे सगळी दुनिया. पण जीभ शाबूत. पहिल्या भेटीत मी त्यांच्या उशीवर रबरी झुरळ ठेवलं होतं. त्यांनी ते बोटांनी चाचपलं आणि म्हणाल्या, "मिश्या जरा राठ आहेत. नवीन आण." तेव्हापासून माझं नाव झुरळ्या.

"आलास झुरळ्या? बाहेर काय कुजबुज चाललीय सकाळपासून?"

"काही नाही काकू. तुमच्या वाढदिवसाचं."

"खोटं बोल, पण माझ्याशी जरा मोठ्याने बोल. म्हणजे मला ऐकू येत नाही, असं तरी वाटेल."

काकूंना काही सांगायचं नाही, असं मास्तरांच्या पोराने मला बजावलं होतं. मी खिडकीशी गेलो. काचेच्या कडेला तीळ सांडावेत तसे ते पडले होते. पांढऱ्या कागदावर एक घेतला, भिंग लावलं. गोल, फुगीर, पाठीवर तपकिरी, पांढरे, पिवळसर ठिपके, गालिच्यासारखं नक्षीकाम. कागद हलवताच त्याने पाय पोटाशी घेतले आणि निपचित पडला.

"मेलाय?" काकूंनी विचारलं.

"सोंग करतोय. धक्का लागला की हा मेल्याचं नाटक करतो. थोडं थांबायचं, आपोआप चालायला लागतो."

काकू हसल्या. तोंड एका बाजूलाच हसलं. "मग आमच्या घरातलाच आहे तो. आमच्याकडे सगळेच धक्का लागला की सोंग घेतात. आणि बाकीच्यांनी थोडं थांबायचं असतं."

मला तेव्हा वाटलं, म्हातारी उगाच बोलतेय.

"हा भुंगेरा इथे जन्मलेला नाही, काकू," मी म्हटलं. "मोठा झाला की हा उजेडाकडे येतो, म्हणून खिडकीत सापडतो. याची पोरं अंधारात वाढतात. केसाळ अळी, अस्वलाच्या पिल्लासारखी. लोकर, पिसं, केस, जे जनावराच्या अंगावरचं असेल ते खाते. आणि तेही कोणी हात लावत नाही अशा जागी. तुमच्याकडे जुना गालिचा? लोकरीचं काही?"

"आमच्याकडे जुनं म्हणजे मी," काकू म्हणाल्या. "बघ शेजारच्या खोलीत. ह्यांच्या. दुपारच्या आत बघून घे मात्र. नंतर ते वाजवायला बसतात. त्या दुपारसाठी मी सकाळ ढकलते रे. नाहीतर या पलंगावर आहे काय?"

४

मास्तरांच्या खोलीची खिडकी बंद. पडदे ओढलेले. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून, असं सगळे म्हणायचे. व्हायोलिनची पेटी कॉटवर उघडीच होती, सकाळी पोराने टाकली तशी. आतलं मखमली कापड मी कोपऱ्यातून उचकटलं.

सापडलं. अळ्यांनी टाकलेल्या काती. पोकळ, केसाळ, फुंकर मारली तर उडतील अशा. ओंजळभर निघाल्या असत्या. मधेच दोन जिवंत अळ्याही उजेडाने घाबरून पळाल्या.

झालं. चोर सापडला! गजाचे केस सुनेने कापले नव्हते, सलूनवाल्याने कापले नव्हते, खाल्ले होते भुंगेऱ्याच्या पोरांनी. मी धावत बाहेर जाऊन ओरडणारच होतो.

उंबऱ्यातच थांबलो.

कारण हे एका रात्रीचं जेवण नव्हतं. एवढ्या काती साठायला महिनेच्या महिने जातात. आणि ही अळी रोज उघडणाऱ्या पेटीत टिकत नाही. उजेड येतो, हलवाहलव होते, ती पळ काढते. पेटी बंद होती. अंधारात, हात न लागता, कितीतरी दिवस. मग काल दुपारी काय वाजलं? परवा? त्या आधीचे सगळे दिवस?

मास्तर मागे येऊन उभे राहिले होते. मी हळू आवाजात विचारलं, "मास्तर, पेटी रोज उघडता?"

"रोज."

"व्हायोलिन एवढं एकच?"

"एकच." हात खिशातच. मघापासून माणसाने चहासुद्धा घेतला नव्हता. सुनेने ठेवलेला कप टेबलावर साय धरून बसला होता. मागच्या वेळीही तसाच बसला होता.

"सुनेची बॅग भरलीय," मी म्हटलं.

त्यांनी मान खाली घातली. "मला माहितेय." मग एकदम, घाईने म्हणाले, "तिला ऐकू जाता कामा नये. तुमच्या काकूला. आज काहीतरी करून... ट्रंकेत एक जुना गज आहे, त्याने भागवतो. तुम्ही बाहेर थांबा."

दार लागलं. कडी लागली.

मी बाहेरच्या बोळात उभा राहिलो. एकीकडे स्वयंपाकघरात नवरा-बायको दबक्या आवाजात एकमेकांना फाडत होते. एकीकडे काकू. सुनेला सोडवायचं तर म्हाताऱ्याला अडकवायला लागणार, आणि म्हातारा अडकला की भिंतीपलीकडे ऐकू जाणार. आयुष्यभर लोकांच्या खुर्चीखाली लवंगी फटाके लावणारा मी. पहिल्यांदाच हात पुढे होईना.

आतून व्हायोलिन सुरू झालं. काय वाजायचं हो ते! उडत्या चालीत सुरू व्हायचं, मग हळूहळू खाली उतरायचं, जिना उतरणाऱ्या लेकरासारखं, एकेक पायरी सांभाळत. जुन्या गजाने, सुरात न लावलेल्या तारांवर असं वाजत नाही. मी वाट बघत राहिलो.

खण्ण. चमचा पडला.

खालून काठी वाजली. ठक ठक.

"आता घराबाहेरच पडते मी," सून म्हणाली आणि बॅगेचं हँडल वर ओढल्याचा आवाज आला.

माझ्या डोक्याशेजारी विजेचा मेन स्विच होता. मी खाली ओढला.

पंखे मंदावले. फ्रिजची घरघर बंद झाली. आणि बंद दाराआड व्हायोलिनचा सूर गळा आवळल्यासारखा खाली खाली ओढला गेला आणि मेला.

५

व्हायोलिन विजेवर चालत नाही. हे कळायला त्या घरात कोणाला भिंग लागलं नाही.

पोरगा स्वयंपाकघरातून बाहेर येता येता तोंड उघडून थांबला. सून बॅगेसकट उभी. तिने थांबलेल्या पंख्याकडे बघितलं, मग बंद दाराकडे. आतून टेपरेकॉर्डरची बटणं दाबल्याचा आवाज येत होता, खट, खट, वेड्यासारखा. दाबणाऱ्याचं बोट एका जागी ठरत नव्हतं.

आणि मग काकूंचा आवाज आला. शांत. मीठ मागावं तसा.

"अहो, लाइट गेली वाटतं. राहू दे. आली की तिथूनच पुढे लावा. चमचा पडून गेलाय, आता शेवटचाच भाग राहिलाय."

कडी उघडायला मास्तरांना वेळ लागला. दारात आले तेव्हा हात खिशात नव्हते. पहिल्यांदा सगळ्यांनी ते हात बघितले. वाऱ्यावरच्या कागदासारखे थरथरत होते, दोन्ही.

"बाबा..." पोरगा म्हणाला. "कधीपासून?"

"तुझी आई अंथरुणाला पडली, त्यानंतर थोड्याच दिवसांत." मास्तर कोणाकडेच बघत नव्हते. "कप धरता येत नाही, गज काय धरणार? ती म्हणाली होती, तुम्ही वाजवत राहा, तोवर मी राहते. मग काय करू? जुनी टेप होती."

सून पुढे आली. "मी घर सोडून निघाले होते, बाबा. तुम्ही बघत होतात. एक शब्द बोलला असतात."

"एक शब्द बोललो असतो तर भिंतीपलीकडे गेला असता."

"गेलाच," भिंतीपलीकडून काकू म्हणाल्या. "आता तिकडे काय उभे आहात सगळे? इकडे या. मला वाकून ऐकायला येत नाही."

आम्ही आत गेलो. मास्तर पलंगाशी उभे राहिले, शाळेत उशिरा आलेल्या पोरासारखे.

"तुला कधी कळलं?"

"पहिल्याच दुपारी. तो चमचा माझ्याच हातून पडलाय ना. तुम्ही टेप करत होतात, मी साखर ढवळत होते. तुम्ही किती चिडला होतात! सगळी टेप वाया घालवलीस म्हणालात. दोन दिवस बोलला नव्हतात."

"मग बोलली का नाहीस?"

चालत्या हाताने काकूंनी पलंगाची कड चाचपली, मास्तरांचा हात सापडला, तो धरला. तो त्यांच्या मुठीतही थरथरत राहिला.

"तुम्ही रोज दार लावून, कडी घालून एवढं मनापासून खोटं वाजवत होतात," त्या म्हणाल्या. "ते मोडायचं कसं? मला वाटलं, कळलं असं सांगितलं तर तुम्ही दुपारी त्या खोलीत जाणारच नाही. मग तुम्ही काय करणार होतात दिवसभर?"

दोघं एकमेकांना जगवत बसले होते. भिंतीच्या दोन बाजूंनी, एकाच टेपवर.

मग काकूंनी सुनेला हाक मारली. "पोरी, मला सकाळपासून सगळं ऐकू येत होतं. मीही सोंग घेऊन पडले. ह्यांना वाचवायला तुला खर्ची घातलं आम्ही दोघांनी. रागाव. हवं तर जा. पण न रागावता जाऊ नकोस."

सून रडत होती, चिडूनच. "जाते कुठली! तांदूळ निवडायचे पडलेत, सोंडे झालेत त्यात." मग नवऱ्याकडे वळली. "तुझ्याशी मात्र नंतर बोलते. घोडा परत घेऊन गेला म्हणे!"

पोराने बॅग उचलली आणि आत नेऊन ठेवली. मी बोळात जाऊन स्विच वर केला. शेजारच्या खोलीत टेप कण्हत कण्हत उठली आणि शेवटचा भाग वाजायला लागली. कोणीच बंद करायला गेलं नाही.

६

टेपरेकॉर्डर त्यानंतर काकूंच्या उशाशी आला. दुपारी मास्तर शेजारी बसायचे. दार उघडं. सून तेवढा वेळ फोन बंद ठेवायची. वाढदिवसाला सलूनवालाही वर येऊन बसला आणि चमचा पडल्यावर सगळ्यांत मोठ्याने तोच हसला. काकूंनी माझं रबरी झुरळ ठेवून घेतलं. मिश्या कापून दे म्हणाल्या सलूनवाल्याला.

त्या फार दिवस राहिल्या नाहीत. एका सकाळी गेल्या. दुपारची वाट न बघता.

नंतर मी एकदा भुंगेरे आहेत का बघायला गेलो. खिडकी साफ होती. सुनेने पेटी उन्हात उघडी ठेवली होती, रोज ठेवते म्हणाली. काकूंचा पलंग तसाच. उशाशी टेपरेकॉर्डर, त्याच्यावर झुरळ. मास्तर खुर्चीत. मला बघून हसायचा प्रयत्न केला त्यांनी.

"बरं झालं आलास. ते बटण दाब रे. माझ्याने नेमकं दाबलं जात नाही."

मी दाबलं. व्हायोलिन वाजलं, उडत्या चालीतून हळूहळू खाली उतरत गेलं. मास्तरांचं तिकडे लक्षच नव्हतं. ते वाट बघत होते.

खण्ण.

"बास," ते म्हणाले. "थांबव. आता थोडं मागे ने."

"पुढचं नको, मास्तर? शेवटचा भाग?"

"पुढे नुसता मीच आहे." त्यांनी दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. "आख्ख्या टेपमध्ये तिचा आवाज तेवढाच आहे रे. आणि मी तिला त्यावरून रागावलो होतो."

मी मागे नेली. टेप तिथे झिजून खरखरत होती. खाली सलूनवाला झोपेतून उठून बसला असणार, पण काठी वाजली नाही.

चमचा पडला.

"परत," मास्तर म्हणाले.